वडिलांना लकवा, माय वेचणीला आणि आठवीतली पोरगी घरी : योजना नंतर, आधी तिचा दिवस मोकळा करा

सर, तुमचा प्रश्न थोडक्यात आधी मांडतो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांना पण समजेल. यवतमाळ जिल्ह्यातलं लहान गाव, तुम्ही जिल्हा परिषदेच्या शाळेवर. आठवीतल्या एका मुलीच्या वडिलांना दीड वर्षाआधी लकवा मारला, डावी बाजू गेली, बोलणं मात्र बऱ्यापैकी आहे. माय मजुरीला जाते, सध्या कापूस वेचणी सुरू आहे. लहान भाऊ तिसरीत. पोरगी आठवड्यातून दोन-तीन दिवस शाळेत येते, आली तरी बाकावर डोकं टेकवून झोपते, आणि आता घरचे म्हणून राहिले की नववीला बाहेरगावी पाठवायची गरज नाही, घरीच राहू द्या. तुम्ही विचारलं की अशा लेकरांसाठी काही योजना आहे का आणि तिच्याशी बोलायचं कसं.

मी सरकारी दवाखान्यात समाजसेवा अधीक्षक म्हणून बरीच वर्षं काढली. अशी लेकरं आमच्या टेबलापुढे रोजची. पेशंट खुर्चीत, माय केसपेपरच्या लायनीत, आणि बाजूला बारा-तेरा वर्षाचं पोट्टं किंवा पोट्टी उभी, जिला सकाळची गोळी कोणती अन् रात्रीची कोणती हे घरात सगळ्यात जास्त माहीत असतं. डॉक्टर विचारतो मायला, उत्तर देते पोरगी.

तं सरळ उत्तर असं की "घरातल्या आजारी माणसाला सांभाळणारं लेकरू" या नावाची वेगळी योजना आपल्याकडे नाही. इंग्लंडमध्ये २०१४ च्या कायद्याने अशा १८ वर्षांखालच्या मुलांची गरज तपासून पाहणं हे तिथल्या स्थानिक कौन्सिलवर बंधनकारक केलं, आपल्याकडे बापाचं काम एका टेबलावर, लेकराचं दुसऱ्या टेबलावर आणि शाळा तिसरीकडेच. त्यामुळे वाट आपल्याला जोडून जोडून काढावी लागते. पैसे मिळू शकतात, ते पुढे सांगतोच. पण माझं म्हणणं आहे की सुरुवात फॉर्मपासून करू नका. पैसा यायला महिने जातात आणि आला तरी दुपारी बारा वाजता बापाची कूस बदलायला घरात कोण आहे हा प्रश्न जागच्या जागी राहतो. अर्ज मंजूर झाला, खात्यात पैसे येऊन राहिले आणि पोरगी मात्र तशीच घरी, असं मी खूप पाहिलं आहे. त्यापायी आधी तिचा दिवस मोजायचा.

कसा मोजायचा? तिला "तू घरी काय काय करते" असं विचारलं तं ती म्हणेल "काही नाही सर, थोडंसं काम असते". लेकरांना ते काम वाटतच नाही. असं विचारा : सकाळी उठल्यावर पहिलं काय? मंग? पाणी कोण भरतं? बाबांचं लघवीचं भांडं कोण टाकतं? आंघोळ कोण घालतं? गोळ्या कोण देतं? भाकरी कोण टाकते? रात्री बाबांनी आवाज दिला तं कोण उठते, कितीदा? एका पोरीने मला सांगितलेला दिवस असा होता : पाचला उठून पाणी तापवणं, बापाचं अंग पुसणं, कपडे बदलणं, मायचा डबा, भावाची तयारी, बापाला चहा-पोळी भरवणं, माय आठ वाजता निघाली की भांडी, मंग शाळा असली तं शाळा, मधल्या सुट्टीत धावत घरी, आणि शाळेत मिळालेली खिचडी ती खायची नाही, डब्यात घालून बापासाठी न्यायची. हे शेवटचं कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. तुमच्या शाळेत पण पाहा, ही पोरगी पोषण आहाराच्या पंगतीत जेवते की डबा भरून पळते. पळत असेल तं आधी तिला पोटभर खाऊ घाला, बापाचा डबा मागून न्यायला सांगा, यासाठी कोणत्या जीआरची गरज नाही.

यादी झाली की प्रत्येक कामासमोर एकच गोष्ट ठरवायची, हे काम या वयाच्या पोरीचं आहे का. भांडी, झाडझूड, भावाचा अभ्यास, चहा, हे गावातल्या कोणत्याही घरात पोरं करतात, त्यात काही गैर नाही, फक्त ते भावालाही वाटून द्या, तिसरीतला पोट्टा पाणी आणू शकते, अंथरूण घडी करू शकते. पण तीन कामं मी पहिल्यांदा तिच्याकडून काढायला सांगतो : बापाची आंघोळ आणि संडास-लघवीची स्वच्छता, रात्रीचं उठणं, आणि औषधाची जबाबदारी.

आंघोळीचं बोलू. तेरा-चौदा वर्षाची पोरगी बापाला पुसते, यात दोघांनाही मेल्याहून मेल्यासारखं होते आणि दोघंही कोणाला बोलत नाहीत. बाप चिडचिड करतो, शिव्या देतो, त्यातली अर्धी चीड ही या लाजेची असते. हे काम पुरुषाचं. बापाचा भाऊ, चुलतभाऊ, साळा, जुना दोस्त, कोणीतरी एक माणूस दिवसाआड सकाळी अर्धा तास. रोज आंघोळीची गरज नाही, दिवसाआड पुरे, मधल्या दिवशी माय जायच्या आधी अंग पुसून देईल. आणि लघवीसाठी मेडिकलवर प्लास्टिकचं युरिन पॉट मिळते, फार महाग नसते. यांचा उजवा हात चांगला आहे ना? मंग ते स्वतः लावू शकतात. दीड वर्ष झालं तरी घरचे भांडं धरून देतात कारण पहिल्या महिन्यात तशी सवय लागली, नंतर कोणी विचारलंच नाही की आता जमते का.

यावरून मुख्य गोष्ट, सर. या घरात ज्या माणसाला सगळ्यांनी हिशोबातून काढून टाकलं आहे तो म्हणजे बाप. एक बाजू गेलेला पण बोलता येणारा माणूस खूप काही करू शकतो. खाट अशी फिरवा की त्यांची उजवी बाजू मोकळी राहील, भिंतीला लागलेली नको. खाटेच्या पायथ्याला जुना कासरा बांधा, हातभर अंतराने गाठी मारा, म्हणजे उजव्या हाताने धरून धरून ते स्वतः उठून बसू शकतील. पहिले काही दिवस बाजूला मोठं माणूस पाहिजे, मंग जमते. खाट फार खाली असेल तं पायाखाली विटा द्या, पक्क्या बसल्या पाहिजेत, हालल्या नाही पाहिजे. पाण्याची बाटली, युरिन पॉट, फोन उजव्या हाताशी. एवढं केलं की पोरीच्या कितीतरी चकरा वाचतात. आणि फिजिओथेरपी सुटली असेल तं जिल्हा रुग्णालयात एकदा दाखवा, दीड वर्षानंतर काय फायदा असं म्हणू नका, हात नाही उचलला गेला तरी उठबस सुधारू शकते, खांदा जाम व्हायचा थांबतो.

उचलण्याचं तं मी दर वेळी हातवारे करून दाखवतो, इथे लिहून जेवढं जमेल तेवढं. लुळा हात धरून कधीच ओढायचं नाही. पोरं तेच करतात कारण तोच हात त्यांच्या बाजूला असतो. त्याने खांदा निखळतो आणि मंग बाप रात्रभर कण्हतो. उठवायचं असेल तं कमरेला दुपट्टा घट्ट बांधायचा आणि दुपट्टा धरायचा. खाटेवर वर सरकवायचं असेल तं अंगाखाली जुनं लुगडं आडवं घडी करून घालून ठेवायचं, खांद्यापासून मांडीपर्यंत येईल असं, आणि दोघांनी दोन्हीकडून धरून सरकवायचं. एकट्या पोरीने हे करायचंच नाही. चौदा वर्षाच्या पाठीचं वाटोळं होते आणि ते तेव्हा नाही, पंचविशीत कळते. जेवू घालताना बसवूनच घालायचं, घास उजव्या गालात, आणि जेवल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही. दर घासाला ठसका लागत असेल तं डॉक्टरला सांगायचं, अन्न छातीत जाऊन न्युमोनिया होऊ शकते.

बेडसोर, म्हणजे पाठीला जखमा. स्वतःहून हलता येत नसेल तं दर दोन तासाला कूस बदलावी लागते. पोरगी शाळेत येत नाही याच्या मागे बहुतेक हेच असते, "मी गेली तं बाबाला जखम होईल" ही भीती तिला दवाखान्यातल्याच कोणीतरी घालून दिलेली असते, शाळेचा विचार न करता. बाप दोराने थोडाफार स्वतः सरकायला लागला तं ही भीती अर्धी कमी. माकडहाड, टाचा, कुल्ह्याचं हाड रोज पाहायचे, बोटाने दाबल्यावर लाली जात नसेल तं त्या जागेवर वजन द्यायचं नाही. आणि ती जागा चोळायची नाही, तेल लावून तं नाहीच नाही.

आता दुपारचा माणूस. सकाळी साडेदहा ते पाच शाळा, माय वावरात, म्हणजे घरात बाप एकटा. पूर्ण वेळ माणूस लागत नाही. दुपारी बारा-साडेबाराला एक जण येऊन अर्धा तास बसला, पाणी दिलं, कूस बदलली, जेवण पुढे ठेवलं, बस. आपल्या भागात यासाठी दोन जागा मी पहिल्यांदा पाहतो. एक, गावातला महिला बचत गट, मायचा स्वतःचा गट असेल तं उत्तमच. दोन, तुकडोजी महाराजांचं गुरुदेव सेवा मंडळ. विदर्भात मंडळ नाही असं गाव शोधावं लागेल, संध्याकाळच्या प्रार्थनेला बसणारी साठीतली मंडळी दुपारी रिकामी असतात आणि बोलावलं तं येतात. फक्त "मदत करा" असं मोघम बोलू नका. "मंगळवार तुमचा, दुपारी साडेबारा, हे हे करायचं" असं सांगा. मोघम मदतीला सगळे हो म्हणतात आणि कोणीच येत नाही. बापालाही दुसऱ्या माणसाशी बोलायला मिळते, दीड वर्ष फक्त पत्रे मोजत पडलेल्या माणसाला त्याची किती गरज असते ते काय सांगू.

रात्रीचं उठणं मायने घ्यावं असं मी बोललो तं लोक म्हणतात ती दिवसभर वेचून येते. खरं आहे. म्हणून पाळीपाळीने उठायचं. रात्री झोपायच्या आधी पॉट हाताशी, डॉक्टरला विचारून संध्याकाळनंतरचं पाणी थोडं कमी, बरेचदा रात्रीची हाक बंदच होते. परीक्षेच्या दिवसात मात्र पोरीला दुसऱ्या खोलीत किंवा शेजारच्या काकूकडे झोपू द्या.

औषधाचं. बीपीची गोळी चुकली तं दुसरा झटका येऊ शकते, इतकी मोठी गोष्ट आठवीतल्या पोरीच्या डोक्यावर कशाला? उद्या काही झालं तं ती जन्मभर स्वतःला दोष देईल. गोळ्या माय देईल, सकाळी निघायच्या आधी आणि रात्री, मधली असेल तं डॉक्टरला सांगून वेळ जुळवून घ्यायची. उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी असतात, बीपीच्या गोळ्या तिथे फुकट मिळतात, आशाताईला सांगून महिन्याचा साठा घरी आणून ठेवायचा. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी-उपचार मोफत आहेत, तरी लोक खाजगीत गोळ्या घेतात आणि पैसे संपले की गोळी बंद. पोरीला फक्त एवढं शिकवा : तोंड अचानक वाकडं झालं, बोलणं बदललं, शुद्ध हरपली तं १०८ लावायचा आणि शेजारी आवाज द्यायचा. तिची जबाबदारी तिथे संपली.

आता पैशाचं. क्रम महत्त्वाचा आहे, उलटा केला की चकरा वाढतात.

सगळ्यात आधी वडिलांचं दिव्यांग प्रमाणपत्र, म्हणजे युडीआयडी कार्ड. ऑनलाइन नोंद सेतूवर होते, मंग दवाखान्यात डॉक्टरांच्या तपासणी बोर्डाच्या दिवशी माणूस प्रत्यक्ष न्यावा लागतो. गाडी भाड्याने करावीच लागते तं त्याच दिवशी फिजिओ, बीपी तपासणी, सगळं उरकून घ्या. ४० टक्के किंवा जास्त निघालं की बाकीची दारं उघडतात. पहिलं, संजय गांधी निराधार. तहसीलमध्ये अर्ज, उत्पन्नाचा दाखला लागते, दिव्यांगांसाठी मर्यादा वर्षाला ५० हजार आहे, आणि दिव्यांगांची रक्कम आता महिना २५०० केली आहे. पैसे आधारला जोडलेल्या खात्यात येतात, त्यामुळे बापाचं खातं चालू आहे का, केवायसी झाली का हे अर्जाच्या आधी पाहा. खाट धरलेल्या माणसाचा अंगठा मशीनवर उमटत नाही ही अडचण नेहमीची आहे, बँकेला लेखी कळवून माणूस घरी बोलवावा लागते. दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा असतो, तो राहिला की अनुदान बंद, आणि लोकांना वाटते योजनाच बंद झाली. दुसरं, ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. बहुतेक गावात तो डिसेंबर-जानेवारीपर्यंत तसाच पडून असतो आणि मार्च आला की घाईत काहीतरी वाटतात. आताच ग्रामसेवकाला लेखी मागा : कमोड चेअर, एअर मॅट्रेस, व्हीलचेअर. नुसतं तोंडी बोलून काही होत नाही, अर्ज द्या आणि पोच घ्या. पुढे भरती करायची वेळ आली तं महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, रेशन कार्ड आणि आधारवरचं नाव जुळते का ते आत्ताच पाहून ठेवा, रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत स्पेलिंग दुरुस्त होत नसते.

मंग लेकरांचं. हे तहसीलमध्ये नाही, जिल्ह्याच्या ठिकाणी, जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी आणि त्यांच्या हाताखालचा जिल्हा बाल संरक्षण कक्ष. दोन वाटा आहेत. एक राज्याची बाल संगोपन योजना, जिला आता क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव आहे, महिना २२५० रुपये प्रति बालक. दुसरी केंद्राची मिशन वात्सल्य, त्यातली प्रायोजकत्व मदत महिना ४००० रुपये, ग्रामीण भागात कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ७२ हजारांच्या आत पाहिजे. वात्सल्यच्या नियमात स्पष्ट लिहिलं आहे की आईवडील शारीरिक आणि आर्थिकदृष्ट्या लेकरांचा सांभाळ करण्यास असमर्थ असतील तं ते लेकरू यात येऊ शकते. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण खिडकीवरचा माणूस पहिल्याच झटक्यात म्हणेल "बाप जिवंत आहे ना, मंग नाही बसत". बहुतेकांची समजूत अशी की हे फक्त अनाथ नाहीतर बाप मेलेल्या लेकरांसाठी. कशात बसवायचं ते कक्षाला ठरवू द्या, तुम्ही दोघाही भावंडांचे वेगवेगळे अर्ज द्या. कागद : मुलांचे आधार आणि जन्माचे दाखले, रेशन कार्ड, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, तुमच्या शाळेचं बोनाफाईड, बापाचे दवाखान्याचे कागद आणि दिव्यांग प्रमाणपत्र, मुलाच्या नावाचं बँक खातं, घरासमोर कुटुंबाचा फोटो. मंग गृहभेट होते आणि बाल कल्याण समिती आदेश देते.

या अर्जात लोक एकच चूक करतात. दोन पानं बापाच्या आजारावर लिहितात आणि लेकराबद्दल एक ओळ. समिती लेकराचं पाहते. तुम्ही मुख्याध्यापकांच्या सहीने एक पत्र जोडा : या महिन्यात इतके दिवस गैरहजर, कारण घरी वडिलांची देखभाल, वर्गात झोप लागते, आधीच्या वर्षी गुण असे होते आणि आता असे. हजेरीपटाची झेरॉक्स लावा. असं पत्र असलेली केस आणि नसलेली केस यात खूप फरक पडते, आणि ते पत्र तुमच्याशिवाय कोणी देऊ शकत नाही.

एक भीती आधीच काढून टाका. "बाल कल्याण समिती" म्हटलं की माय घाबरते, वाटते की पोरं उचलून बालगृहात टाकतील. बाल न्याय कायदा २०१५ मध्येच तत्त्व लिहिलं आहे की संस्थेत ठेवणं हा सगळ्यात शेवटचा उपाय, आणि या दोन्ही योजना तं लेकरू घरच्यांजवळच राहावं म्हणूनच आहेत. हे तुम्ही तिच्या घरी बसून, चहा घेता घेता, साध्या शब्दात सांगा. ऑफिसातून फोन आला आणि तिला काहीच माहीत नसलं तं ती दार बंद करून घेईल, आणि त्यात तिचं काही चुकणार नाही.

शाळेचं तुम्हाला मी काय शिकवणार, तरी दोन गोष्टी. महाराष्ट्रात आता पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे, नापास झाली तं पुन्हा परीक्षा, तिथेही राहिली तं त्याच वर्गात. म्हणजे ही पोरगी याच वर्षी अडकू शकते, आणि मंग घरच्यांना आयतं कारण मिळते. तिला सगळा अभ्यास भरून काढायला लावू नका, गणित आणि इंग्रजीतलं नेमकं जे पाहिजे ते काढून द्या, वर्गातली एक मैत्रीण ठरवा जी रोज वहीचा फोटो मायच्या किंवा बापाच्या मोबाईलवर पाठवेल. आणि हो, लहान भावाचे पाढे-वाचन बापाला घ्यायला सांगा. बोलणं चांगलं आहे ना त्यांचं. संध्याकाळी पोरगी भावाचा अभ्यास घेत बसते तो तास तिला परत मिळतो, आणि बाप घरात पुन्हा बाप होतो.

खरी भीती नववीची. १४ वर्षांपर्यंत मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा आपल्या मागे उभा असतो, त्यानंतर सगळं घरच्यांच्या मर्जीवर. शाळा बाहेरगावी असेल तं मुलींना बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास आहे, अहिल्याबाई होळकर योजना, त्यामुळे भाड्याचं कारण चालत नाही. वसतिगृह सुचवणारे खूप भेटतील. मी नववीला एकदम वसतिगृह सांगत नाही, घरची व्यवस्था न लावता पोरीला पाठवलं तं ती तिथे रडते आणि पंधरा दिवसात परत येते, आणि मंग "पाहा, तिलाच शिकायचं नाही" असं होते. आधी दुपारचा माणूस पक्का करा, मंग अकरावीला खुशाल पाठवा. अगदीच काही जमलं नाही तं १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी देता येते, पण ते तिला किंवा मायला आत्ता सांगू नका. आत्ता सांगितलं तं उद्यापासूनच घरी बसवतील.

"घरीच राहू द्या" याच्या मागे बरेचदा दुसरं वाक्य असते जे तुमच्यापुढे कोणी बोलत नाही, दोन वर्षांत उजवून टाकू. आजारी बापाच्या डोळ्यादेखत लेकीचं लग्न, असं म्हणून १५-१६ व्या वर्षी सोयरीक करतात. १८ च्या आतलं लग्न हा गुन्हा आहे, गावात ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, आणि १०९८ हा लेकरांच्या मदतीचा फोन चोवीस तास चालतो. पण बोलणी पक्की झाल्यावर १०९८ लावण्यापेक्षा आत्ताच कोणाच्या डोक्यात काय चालू आहे ते काढा. मामा किंवा मोठी आत्या, ज्याचा शब्द घरात चालते, त्याला गाठा.

आता तिच्याशी बोलण्याचं. वर्गात कौतुक करू नका. "बघा किती गुणाची पोरगी, बापाची कशी सेवा करते" हे गावात सगळे म्हणतात, आणि एकदा का असं म्हटलं की तिला "मी थकली" असं म्हणायची जागाच राहत नाही. सत्कार-बित्कार तं बिलकुल नाही, १५ ऑगस्टला स्टेजवर बोलावून श्रावणबाळाची उपमा देऊन शाल देणारे लोक मला माहीत आहेत, त्यातला एकही दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला त्या घरी गेला नाही. एकटीला बोलवा, किंवा मॅडम असतील तं त्यांना बोलू द्या, पाळीच्या दिवसात हे सगळं कसं करते हे ती तुम्हाला सांगणार नाही. झोप किती होते विचारा. राग येते का विचारा. बापाचा राग येणं, कधी "हे संपलं पाहिजे एकदाचं" असं मनात येणं, हे अशा घरातल्या बहुतेक लेकरांना येते आणि त्यांना वाटते आपण फार वाईट आहो. "असं वाटू शकते, त्यात तुझं काही वाईट नाही" एवढं एक मोठं माणूस बोललं तरी लेकरू मोकळं रडते. रडली तं रडू द्या, लगेच समजावायला जाऊ नका.

जेवण सुटलं, कोणाशी बोलणं बंद, सारखं डोकं-पोट दुखणं, हाताला स्वतःच इजा करणं, किंवा "मी नसती तं बरं झालं असतं" अशी भाषा, असं काही दिसलं तं वाट पाहू नका. टेली मानस, म्हणजे मनाच्या त्रासासाठीचा सरकारी मदतीचा फोन, १४४१६, चोवीस तास, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे तिथे न्या. आणि बापाचंही पाहा, लकव्यानंतर उदासीचा आजार खूप जणांना होते, त्याला गोळ्या आहेत. या घरी वावर आहे की फक्त मजुरी ते तुम्ही लिहिलं नाही, पण फवारणीचं औषध, तणनाशक घरात कुठे पडलं असेल तं ते आजच बाहेर काढायला सांगा, कुलपात किंवा दुसऱ्याकडे. आपल्या भागात हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

सगळं एकदम होणार नाही. या आठवड्यात दोनच करा : पोरीसोबत बसून दिवसाची यादी, आणि मुख्याध्यापकांचं पत्र. मंग घरच्यांची आणि दुपारी येणाऱ्या माणसांची एक बैठक घ्या. ती रविवारी ठेवू नका, वेचणीच्या दिवसात रविवारही कामाचा असते, बाजाराच्या दिवशी संध्याकाळी ठेवा, त्या दिवशी माय घरी असेल. बैठकीला बापाला खाटेवर बसवून मधात घ्या, दाराआड नको. दुपारच्या माणसांची नावं आणि वार बापालाच उजव्या हाताने लिहू द्या. युडीआयडीची नोंद झाली की बोर्डाची तारीख इथे टाका, त्या दिवशी सोबत कोणते कागद न्यायचे ते मी पुन्हा एकदा तपासून सांगतो.